शिवणीतली माया आणि कॉलरवरचं वय



मुलांचे कपडे घ्यायला गेलं की दुकानदाराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती वर्षांचं आहे?" आपण वय सांगतो, तो त्या वयाच्या आकड्याची घडी समोर टाकतो, आणि घरी येऊन घालून बघितलं की बाह्या बोटांच्या पुढे लोंबतात, नाहीतर छातीवरचं बटण लागत नाही. मग पिशवी घेऊन पुन्हा दुकानात. जूनमध्ये शाळेच्या वेळी एकदा, पर्युषणाच्या आधी एकदा आणि दिवाळीला एकदा, अशी ही फेरी बहुतेक घरांत होतेच.

फेरीचं काही नाही, ती होऊ दे. मला खटकतं ते त्या आकड्यावरून होणारं बोलणं. माझ्या ओळखीतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीला '7-8' लिहिलेला फ्रॉक नीट बसतो. दरवेळी कुणीतरी म्हणतंच, "अगं, हिला अजून सात-आठचाच होतो? अंगाला काही लागतच नाही हिच्या." त्याच घरातल्या अकरा वर्षांच्या मुलीला '13-14' लागतो, तर तिला ऐकवलं जातं, "जरा जेवणाकडे बघ." दोघी मुली निरोगी आहेत. दोघींच्या अंगात काही बिघडलेलं नाही. आकडा कॉलरवर छापलेला, आणि खाली मान मात्र मुलींची जाते. म्हणून हा आकडा आला कुठून, तो कुणी ठरवला, हे मी थोडं शोधून वाचलं. ते सगळं तुमच्यापुढे ठेवते.

आधी आपल्या घरातलंच बघू. आपल्या आज्यांनी मुलांच्या कपड्याला कधी वय विचारलं नाही. बाळंतविड्यात झबली, टोपडी, लंगोट, दुपटी आणि कुंची असायची. झबल्याला बटण नसायचं, बंद असायचे. बाळ भरलं की बंद थोडे सैल बांधायचे, एवढंच. पहिले कपडे तर जुन्या लुगड्याच्या किंवा धोतराच्या मऊ झालेल्या कापडाचेच करायचे, त्यामुळे लहान झाले तरी जीव हळहळायचा नाही. पुढे मुलीला परकर-पोलकं. परकराला कमरेला नेफा आणि त्यात नाडी, म्हणजे कंबर कितीही झाली तरी परकर चालणारच. उंचीसाठी खालच्या काठाच्या वर दोन-तीन आडव्या दुमडी घालून टीप मारून ठेवायची. टक म्हणतात तिला. दरवर्षी एक टक उसवला की परकर चार बोटं खाली येतो. उसवलेल्या जागी कापडाचा रंग जरा गडद राहायचा, आणि परकरावरच्या त्या पट्ट्या मोजून मुलीनं तो किती वर्षं घातलाय हे सांगता यायचं.

पोलकं अंगाबरोबर असतं, त्यामुळे तिथे नेफा-नाडी उपयोगाची नाही. तिथे शिंपी काखेखाली दोन्ही बाजूंना शिवणीच्या आत जास्तीचं कापड ठेवायचा. या जास्तीच्या कापडाला आपल्या भाषेत 'माया' म्हणतात. "माया किती ठेवू?" असं शिंपी आजही विचारतो. मुलीची छाती भरली की बाहेरची टीप उसवायची, आत नवी मारायची, झालं पोलकं मोठं. शिंप्याला सांगायचं वाक्यही ठरलेलं, "वाढत्या अंगाचं शिवा." या तीन शब्दांत वय नाही, नंबर नाही. मूल वाढणार हे गृहीत धरून, कापडातच त्याची सोय करायची.

आणि ज्या कपड्याला शिवणच नाही, त्याला माप कुठलं? अभिषेकाला बसणाऱ्या आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या आजोबांचं धोतर-दुपट्टा दोन घड्या जास्त घालून नेसवता येतो. साडीचंही तसंच. मापाचा सगळा त्रास सुईदोऱ्यापासून सुरू होतो असं मी गमतीनं म्हणते.

जुनं ते सगळं चांगलं, असं मात्र मला म्हणायचं नाही. वाढत्या अंगाचं शिवलेलं पोर पहिलं वर्षभर पिशवीत घातल्यासारखं दिसायचं. कपडा अंगाबरोबर यायचा, तोवर विटलेला असायचा. धाकट्याच्या वाट्याला तर नवं कापड क्वचितच. पण एक गोष्ट त्या पद्धतीत नव्हती. कपडा बसला नाही तर दोष शिंप्याचा असायचा, मुलाचा नाही.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. तिथे तर शेकडो वर्षं लहान मुलग्यांनाही झगेच घालत. चार ते सात वर्षांच्या दरम्यान कधीतरी पहिली विजार चढवायची, आणि घरात तो एक छोटा सोहळाच असायचा. झगा घालण्याचं कारण अगदी बायकी आणि व्यवहारी होतं. लंगोट बदलायला सोपं, आणि खाली टक घातले की तोच झगा दोन-तीन वर्षं पुरतो. आपल्या परकराची युक्ती तिथेही होतीच. आया सगळीकडे सारख्याच.

तिथल्या शिंप्यांकडे इंचांची टेपही जुनी नाही. 1769 मध्ये गार्सो नावाच्या फ्रेंच लेखकानं शिंपीकामावर पुस्तक लिहिलं. त्या काळची पद्धत अशी, की शिंपी गिऱ्हाइकाच्या अंगावर कागदाची पट्टी धरायचा आणि छाती, कंबर, बाही अशा प्रत्येक मापाच्या जागी तिला खाच पाडायचा. एक माणूस, एक पट्टी. त्या पट्टीवर आकडा नसायचा, त्यामुळे एकाच्या मापाची दुसऱ्याच्या मापाशी तुलना करायचा प्रश्नच नव्हता. आकडे असलेली टेप शिंप्यांच्या गळ्यात आली ती साधारण 1800 च्या पुढे-मागे. आकडे आले आणि मग हळूहळू सरासरीही आली.

त्याच काळात फ्रान्समध्ये एका बापानं केलेलं काम मला फार आवडलं. फिलिबेर गेनो द मोंबेयार नावाचा एक सरदार होता. 1759 मध्ये त्याला मुलगा झाला. तेव्हापासून 1777 पर्यंत, म्हणजे मुलगा अठरा वर्षांचा होईपर्यंत, साधारण दर सहा महिन्यांनी तो मुलाची उंची मोजून लिहीत राहिला. बुफाँ या प्रसिद्ध निसर्गशास्त्रज्ञ मित्रानं ती टिपणं आपल्या ग्रंथात छापली. एकाच मुलाच्या वाढीची जन्मापासून मोठं होईपर्यंतची ही जगातली पहिली नोंद मानतात, आणि बालवाढीच्या पुस्तकांत तिचा आलेख आजही छापला जातो.

त्या नोंदींत जे दिसतं ते आज कुठलाही बालरोगतज्ज्ञ सांगेल. मूल सरळ रेषेत वाढत नाही. जन्मताना साधारण 50 सेंटिमीटर असलेलं बाळ पहिल्या एका वर्षात सुमारे 25 सेंटिमीटर वाढतं. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मंच. चौथ्या वर्षाच्या आसपास जन्माच्या दुप्पट, म्हणजे 100 सेंटिमीटरच्या जवळ येतं. मग वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर असा संथ काळ, आणि वयात येताना पुन्हा झपाटा. मुलींचा झपाटा आधी, मुलग्यांचा साधारण दोन वर्षांनी मागून. सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मुली उंच आणि मुलगे त्यांच्या खांद्याशी दिसतात ते याचमुळे. पण हा झपाटा एकीला दहाव्या वर्षी येतो, तर दुसरीला तेराव्या. मग वयावरून फ्रॉक कसा निघणार?

वयावरून अंग आणि अंगावरून वय ओळखायची माणसाची हौस जुनी आहे, आणि तिनं मुलांचं नुकसानही केलंय. इंग्लंडमध्ये 1833 च्या कायद्यानं कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली. पण तिथे सरकारी जन्मनोंदणी सुरू झाली 1837 मध्ये. मग मूल नऊ वर्षांचं आहे हे ठरवायचं कसं? डॉक्टर मुलाकडे बघून दाखला द्यायचा, की याचं बळ आणि रूप नऊ वर्षांच्या मुलासारखं आहे. अंगानं थोराड असलेलं सात-आठ वर्षांचं पोर त्या दाखल्यावर गिरणीत जाऊ शकायचं. उंची फसवते म्हणून एडविन सॉन्डर्स नावाच्या दंतवैद्यानं 1837 मध्ये दातांवरून वय ओळखायची पद्धत सुचवली होती. आपल्याकडे 1881 चा कारखाना कायदा आला तेव्हा मुंबईच्या गिरण्यांसाठी ही मर्यादा सात वर्षांची होती. सात! पहिली-दुसरीतलं लेकरू. यंत्रासमोर त्याला उभं करायचं की नाही हे त्याच्या अंगावरून ठरत असेल, तर मोठ्या हाडाचं असणं हाच त्याचा गुन्हा झाला.

आता कपड्यावर वय आलं ती गोष्ट. ती 1863 ची, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्टर्लिंग गावची. एबनेझर बटरिक हा शिंपी. त्याच्या कंपनीनं पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की त्याची बायको एलन आपल्या लहानग्या हॉवर्डसाठी झगा बेतत होती. त्या वेळी कागदी नमुने मिळायचे, पण एकाच मापाचे. ते आपल्या मुलाच्या मापाला लहान-मोठे करत बसायचं काम बाईचं. ती वैतागून नवऱ्याला म्हणाली, की हे नमुने वेगवेगळ्या मापांत मिळाले तर किती बरं होईल. बटरिकनं ते मनावर घेतलं. आधी जाड कागदावर नमुने कापले, पण ते टपालात मोडायचे. मग पातळ कागद घेतला, तो घडी करून पाकिटात बसायचा. सुरुवातीला त्यानं मुलग्यांचे आणि पुरुषांचे नमुने विकले. इटलीच्या गॅरिबाल्डीच्या पोशाखावरून बेतलेला मुलग्यांचा सूट तेव्हा फार खपला.

बघा, म्हणजे मापांचा हा सगळा धंदा एका आईच्या कटकटीतून निघाला! नाव मात्र नवऱ्याचं लागलं.

नमुना टपालानं जायचा तर मागवणाऱ्या बाईनं काय लिहायचं? छातीचं माप, उंची, बाही हे सगळं लिहिताना चुका होणार. सोपं म्हणजे वय. मुलींचे नमुने मग 'पाच ते बारा वर्षं' अशा रांगेत विकले जाऊ लागले, दरवर्षासाठी एक माप. पुढे सिअर्ससारख्या कंपन्यांनी घरपोच कॅटलॉग पाठवायला सुरुवात केली, तयार कपडे आले, आणि त्यांनीही मुलांच्या कपड्यांना वयच लावलं. दूर शेतावर राहणाऱ्या आईकडे टेप नसेल, पण मुलाचं वय तर तिला पाठ असतं. म्हणजे वयाचा आकडा आला तो दुकानदाराच्या आणि टपालाच्या सोयीसाठी. मुलाला मोजून तो आलेला नाही.

प्रत्येक कंपनीचं 'आठ वर्षं' वेगळं असायचं. कपडे परत यायचे, कंपन्यांचं नुकसान व्हायचं, आयांचा वेळ जायचा. शेवटी अमेरिकेच्या सरकारनं मुलांना खरोखर मोजायचं ठरवलं, आणि हे काम दिलं कुणाला? शेतीखात्याच्या गृहअर्थशास्त्र विभागाला. तिथे रूथ ओब्रायन या बाईंच्या देखरेखीखाली 1937 ते 1939 या काळात चार ते सतरा वर्षांची 1,47,088 मुलं मोजली गेली. मंदीचा काळ होता. मोजायला माणसं मिळाली ती सरकारच्या बेकारांना काम देण्याच्या योजनेतून. प्रत्येक मुलाची 36 मापं घ्यायची. उंची, वजन, छाती, कंबर, नितंबांचा घेर, खांदा, बाही, मांडी, सगळं. दीड लाखाच्या जवळपास मुलं आणि प्रत्येकाची 36 मापं, म्हणजे पन्नास लाखांवर आकडे. संगणक नसताना! हे आकडे उलगडायला मेयर गिर्शिक नावाचे संख्याशास्त्रज्ञ होते.

निष्कर्ष आपल्या कुठल्याही शिंप्यानं सांगितला असता असाच निघाला. कपड्याचं माप ठरवायला वय हा कच्चा आधार आहे. मुलाच्या अंगाचा सगळ्यात चांगला अंदाज येतो तो दोन मापांवरून, उंची आणि नितंबांचा घेर. या दोन आकड्यांवर कपड्यांचे नंबर बांधा, अशी शिफारस झाली. सरकारनं 1948 ते 1950 च्या दरम्यान बाळांसाठी, मुलींसाठी आणि मुलग्यांसाठी वेगवेगळी प्रमाणित मापं छापलीही.

आणि मग? मापं ऐच्छिक होती. दुकानात वयासारखे दिसणारे नंबर चालूच राहिले. दीड लाख मुलांना उभं करून काढलेलं सत्य कपाटात गेलं, कारण ग्राहक येऊन वयच सांगते आणि दुकानदाराला तेच सोपं पडतं. इतकं मोठं काम, आणि ते केलेल्या बाईंचं नाव आज किती जणींनी ऐकलंय? त्याच विभागानं पाठोपाठ बायकांचीही मोजणी केली, पण तिच्या अहवालातून गोऱ्या नसलेल्या बायकांची मापं वगळली होती. त्यामुळे मापांचा तक्ता समोर आला की तो कुणाच्या अंगावरून काढलाय, हे मी आधी विचारते.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न निराळ्या दारानं सरकारपुढे आला. दुसऱ्या महायुद्धात 1 जून 1941 पासून तिथे कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं, ते थेट 1949 च्या मार्चपर्यंत. पहिल्या वर्षी माणशी 66 कूपनं. मुलांच्या कपड्यांना कमी कूपनं लागायची. पण बारा-तेरा वर्षांचं उंच पोर मोठ्यांचे कपडे घालणार, मग त्याला कूपनंही मोठ्यांचीच लागणार. शेवटी सरकारला अंगानं मोठ्या मुलांसाठी जास्तीची कूपनं द्यावी लागली. बायकांच्या स्वयंसेवी संस्थेनं गावोगाव मुलांच्या कपड्यांच्या अदलाबदलीची केंद्रं काढली. लहान झालेला कोट द्यायचा आणि मोठा घेऊन जायचा. आपल्याकडे हे काम जावा-नणंदांत, चुलत-मावस भावंडांत न बोलता चालतं.

त्या देशात आजही मुलांच्या कपड्यांवर मूल्यवर्धित कर शून्य आहे. हा कर 1973 मध्ये आला तेव्हापासून. पण कपडा 'लहान मुलांचा' आहे हे ठरतं त्याच्या मापावरून. त्यामुळे एखादी अकरा-बारा वर्षांची मुलगी अंगानं जास्त वाढली, तर तिच्या शाळेच्या कपड्यावर आईला मोठ्या माणसाचा कर भरावा लागतो. म्हणजे वाढल्याचा दंडच. हे वाचून मला गिरणीतली ती थोराड पोरं आठवली.

युरोपच्या बऱ्याच देशांनी मात्र ओब्रायनबाईंच्या वाटेनं जाऊन हा घोळ बराचसा सोडवलाय. तिथल्या मुलांच्या कपड्यावर 92, 98, 104, 110, 116 असे आकडे दिसतात. हे वय नाही, ही मुलाची उंची आहे, सेंटिमीटरमध्ये. दोन आकड्यांत सहाचं अंतर असतं, कारण मधल्या वयात मूल वर्षाला साधारण तेवढंच वाढतं. जपानमध्ये 80, 90, 100, 110 अशी दहादहाची उडी. परदेशात राहणाऱ्या आपल्या बहिणी-भाच्या हे कपडे पाठवतात, आणि आपण इथे '104 म्हणजे काय बाई?' म्हणून गोंधळतो. मुलाला भिंतीला टेकवून मोजलं की गोंधळ संपला.

आपल्याकडे शिंप्याकडून दुकानाकडे जाणं हे फार तर दोन पिढ्यांतलं. आधी बाजारात आले ते 18, 20, 22, 24 असे जोडसंख्येचे नंबर. ते इंचांतून आलेले. कुठे छातीचे इंच, कुठे फ्रॉकच्या लांबीचे इंच, त्यामुळे 24 चा शर्ट आणि 24 चा फ्रॉक एकाच मुलाला बसेलच असं नाही. पण निदान तो आकडा कपड्याचा होता, त्यात वय नव्हतं. नंतर मॉल आले, निर्यातीसाठी शिवलेले आणि उरलेले कपडे इथल्या बाजारात आले, आणि त्यांच्याबरोबर '5-6', '7-8' वर्षांच्या चिठ्ठ्या आल्या. त्यातले कित्येक कपडे परदेशी मुलांच्या मापावर बेतलेले. मग आपलं मूल त्या चिठ्ठीत बसलं नाही तर नवल कसलं?

इथे लगेच "आपली मुलं मुळातच लहान" असं म्हणायची घाई करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं 1997 ते 2003 या काळात सहा देशांतल्या सुमारे साडेआठ हजार बाळांचा आणि लहान मुलांचा अभ्यास केला. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि आपला भारत. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. आईचं दूध, पुरेसं खाणं आणि स्वच्छता मिळालेली ही मुलं पाच वर्षांपर्यंत सगळीकडे जवळपास सारखीच वाढली. फरक वाढत जातो तो पुढे. म्हणून आपल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 2015 मध्ये पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी वेगळे वाढीचे तक्ते प्रसिद्ध केले. त्या कामात पुण्याच्या डॉक्टर वामन आणि डॉक्टर अनुराधा खाडिलकर यांचा मोठा वाटा आहे. तो तक्ता आपल्या डॉक्टरांकडे असतो, मागून बघा. नऊ वर्षांच्या निरोगी मुलींत सगळ्यात बुटक्या आणि सगळ्यात उंच रेषेत सुमारे वीस सेंटिमीटरचं अंतर दिसेल. सहा-सहा सेंटिमीटरच्या मापानं हे तीन नंबरांचं अंतर झालं. '7-8' बसणारी मुलगी आणि '11-12' बसणारी मुलगी एकाच बाकावर बसतात, आणि दोघीही ठीक असतात.

भारतीय अंगाची स्वतःची मापं असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेनं 'इंडियासाइज' नावाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत पंचवीस हजारांवर माणसांना यंत्रानं मोजायचं ठरलं. चांगलंच काम आहे. पण वयोगट ठरवला 15 ते 65. ज्यांचं माप दरवर्षी बदलतं आणि ज्यांचे कपडे सगळ्यात जास्त वेळा घ्यावे लागतात, ती पंधराखालची मुलं त्यात नाहीत. हे मला पटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. 2022 मध्ये वजनमापांच्या नियमांत केलेल्या बदलानुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवर नुसतं एस, एम, एल चालत नाही, मापाचे सेंटिमीटर किंवा मीटरही लिहावे लागतात. पुढच्या वेळी चिठ्ठी उलटून बघा. वयाच्या खाली बारीक अक्षरात बहुतेक वेळा उंची किंवा छाती दिलेली असते. दुकानदारानं वय विचारलं की मी उंची सांगते. तो एकदा दचकतो, मग चिठ्ठी बघतो.

घरात माप घेताना एवढं करा. मूल अनवाणी, टाचा आणि पाठ भिंतीला टेकलेली, नजर समोर, आणि डोक्यावर पुस्तक आडवं धरून खूण. सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा किंचित उंच असतो, म्हणून वेळ एकच ठेवा. उंचीशिवाय छाती, कंबर आणि नितंबांचा घेर लिहून ठेवला की तयार कपडा असो की शिंपी, काम भागतं. वर्षातून दोनदा पुरे. याच वहीतला उंचीचा आकडा डॉक्टरांना दाखवा. वर्षभरात वाढ अगदीच कमी झाली असेल, तर काळजीचं कारण तिथे कळेल, फ्रॉकच्या चिठ्ठीवर नाही.

वयात येताना पाऊल आधी वाढतं, मग पाय लांबतात आणि धड सगळ्यात शेवटी. म्हणून त्या वर्षांत बूट पहिल्यांदा लहान होतात, मग विजारी आखूड होतात, आणि शर्ट बऱ्याच उशिरा. एकाच दिवशी सगळं मोठं घेऊन ठेवू नका. आणि मोठं घ्यायचंच तर लांबीत घ्या, खांद्यात नको. खांदा उतरला की कपडा कितीही आवरा, तो दुसऱ्याचाच दिसतो. लांबी मात्र दुमडून आत टीप मारता येते. विजारीला खाली चार बोटं, बाहीला दोन, परकराला एक टक, पोलक्याला काखेखाली बोटभर माया. टीप मोठ्या टाक्याची मारा म्हणजे उसवताना कापड फाटत नाही, आणि त्याच रंगाचा दोरा घरात गुंडाळून ठेवा.